तंजावरच्या राजवाड्यातील कौटुंबिक नाटक

एखाद्या गावाचे वैभव लयाला गेले म्हणजे त्याचा इतिहास दप्तरांत शिल्लक राहतो. वसुलाचे आकडे, जमिनीच्या सनदा, नेमणुका आणि तंटे यांची नोंद तेथे सापडते. परंतु त्या गावातल्या घरी आई मुलीशी कोणत्या भाषेत बोलत असे, लग्न ठरताना कोणाचे मन कसे वळवावे लागे, शेजारच्या निराळ्या भाषेच्या माणसाची थट्टा कशी चाले, हे दप्तर सांगत नाही. दप्तराशी माझा रोजचाच संबंध असल्याने त्याची ही मर्यादा मला चांगली ठाऊक आहे. ती उणीव भरून काढण्याचे काम नाटक करते, आणि त्यातही कुटुंबाची कथा सांगणारे नाटक ते अधिक चांगले करते.

याचे एक परदेशी उदाहरण प्रसिद्ध आहे. दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या एका गावावर रिचर्ड लुएलिन या लेखकाने १९३९ साली ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ ही कादंबरी लिहिली. १९४१ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि १९७५-७६ मध्ये बीबीसीने तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिका सादर केली. मालिका एका मॉर्गन कुटुंबाची. बाप आणि मुले खाणीत उतरतात, आई घर सांभाळते, संपावरून बापलेकांत वाद होतात, आणि गावावर खाणीतल्या काळ्या गाळसाळीचा ढिगारा दिवसेंदिवस वाढत जातो. त्या खोऱ्यांतील बहुतेक सर्व खोल खाणी आता बंद पडल्या आहेत. तरी ते गाव कसे जगत होते हे प्रेक्षकाला समजते ते त्या घरातल्या जेवणाच्या मेजाभोवती. आकडेवारीने जे साधले नसते ते एका कुटुंबाने साधले.

मराठी भाषेत असे काही आहे काय, असा प्रश्न केल्यास उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर, थेट कावेरीच्या तीरी जावे लागते. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या कपाटांत, मराठी नाटकांची हस्तलिखिते आहेत. त्यांतली पात्रे देवादिकांची असली तरी ज्या घराची बोली ती बोलतात ते घर तंजावरचे आहे.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, ती भोसल्यांच्या घराण्यात राहिली. त्यांच्या आधी तेथे नायक राजांचे राज्य होते. राजवाड्याची मूळ वास्तू त्यांचीच, आणि दरबारी वाङ्मयाची तेलुगू भाषाही त्यांच्याकडून वारशाने आलेली. प्रजा तमिळ बोलणारी, पंडितांची सभा संस्कृतात चालणारी, आणि राजघराण्याची व त्याच्याबरोबर दक्षिणेत उतरलेल्या कुटुंबांची भाषा मराठी. एकाच वाड्यात इतक्या भाषा नित्य नांदत होत्या. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना माणसाला भाषा बदलावी लागत असेल, अशी कल्पना करावयास हरकत नाही.

व्यंकोजीराजांचा पुत्र शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला आणि १७१२ पर्यंत त्याने राज्य केले. हा राजा स्वतः नाटककार होता. तेलुगूत त्याने यक्षगाने रचली, आणि मराठीतही नाटके लिहिली. त्याचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक १६९० च्या सुमाराचे मानले जाते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली. म्हणजे त्याच्याही आधी सुमारे दीडशे वर्षे मराठी नाटक दक्षिणेत लिहिले गेले होते.

या नाटकाच्या नावातील ‘कल्याण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दक्षिणेत कल्याण म्हणजे विवाह. समुद्राची कन्या लक्ष्मी आणि नारायण यांच्या लग्नाची ही कथा. विवाहाचे नाटक म्हटले की उपवर मुलीचे मन, सख्यांची थट्टा, वडीलधाऱ्यांची संमती आणि मांडवातला सोहळा ही त्याची अंगे ओघानेच येतात. वधूवर देव असले तरी प्रेक्षक त्यांच्याकडे घरच्या कार्याच्या दृष्टीने पाहतो. ‘कल्याण’ आणि ‘परिणय’ या प्रकारची नाटके तंजावरच्या दरबारात पुढेही लिहिली गेली. आज मराठी दूरचित्रवाणीवरील मालिकांत एकेक लग्न आठवडेच्या आठवडे चालते, म्हणून आपण हसतो. ती आवड आजची नव्हे. सतराव्या शतकातील राजालाही आपल्या प्रेक्षकांची नाडी तीच असल्याचे ठाऊक होते.

या नाटकांचा घाटही पाहण्याजोगा आहे. त्यांची ठेवण मुख्यतः दक्षिणेतल्या यक्षगानाची. आरंभी देवतास्तवन, मग सूत्रधार, आणि पात्र रंगभूमीवर येताना त्याच्या प्रवेशाचे गीत. या गीताला ‘दरू’ म्हणतात. गीतांना राग आणि ताल कर्नाटक संगीताचे, आणि गीतांच्या मधून संभाषण मराठी. म्हणजे अंगावरची वस्त्रे दक्षिणेची आणि तोंडातले शब्द महाराष्ट्राचे. दूर देशी घर केलेल्या कोणत्याही कुटुंबाची स्थिती याहून निराळी नसते.

या मिश्र जीवनाचे सर्वांत बोलके चित्र शहाजीच्याच ‘पंचभाषाविलास’ या नाटकात आहे. त्यात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश येथील चार राजकन्या श्रीकृष्णावर अनुरक्त झालेल्या आहेत, आणि प्रत्येकीची भाषा तिच्या देशाची. तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा चार, आणि पाचवी संस्कृत. एका घरात येऊ पाहणाऱ्या चार भाषांच्या चार सुना, असे त्याचे वर्णन केले तर ते फारसे चूक होणार नाही. भाषाभाषांतील नाते कसे असावे, याविषयी आपल्या काळात पुष्कळ वाद झाले. तंजावरच्या राजाने तो प्रश्न वादाचा केलाच नाही. त्याने तो एका लग्नघरात आणून बसविला, आणि कोणत्याही सुनेला आपली भाषा टाकावयास सांगितले नाही.

पुढे सरफोजी दुसरे यांनी, ज्यांचा काळ १७९८ ते १८३२, या परंपरेचा आणखी एक उपयोग केला. तमिळमध्ये ‘कुरवंजी’ नावाचा नाट्यप्रकार आहे. प्रेमात पडलेल्या नायिकेकडे डोंगरात राहणारी कुरव जातीची स्त्री येते, तिचा हात पाहते आणि भविष्य सांगते. सांगता सांगता ती आपल्या डोंगराचे आणि पाहिलेल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्याच स्त्रीच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, नद्या, नगरे यांची माहिती तिच्या गाण्यांतून येते. या राजाला पाश्चात्त्य विद्येची गोडी मिशनरी श्वार्ट्झ यांच्या सहवासात लागली होती. नवे ज्ञान प्रजेच्या गळी उतरवावयाचे तर ते ओळखीच्या पात्राच्या मुखातून यावे, ही त्यांची दृष्टी आजच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे.

मग इतकी समृद्ध परंपरा खंडित का झाली? मराठी रंगभूमीच्या इतिहासात तिला उगमाचे स्थान का मिळाले नाही? ही नाटके कमी प्रतीची होती असे त्याचे कारण देता येत नाही. खरे कारण आश्रयात आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे मुख्यतः किल्ला उरला. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्रावाचून निवर्तले, आणि कंपनीने संस्थान खालसा करून राजाची मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली, पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असा निर्णय दिला. दरबार गेला आणि त्याबरोबर मराठी नाटकाचा प्रेक्षकही गेला.

याच सुमारास सांगलीत काय घडले ते ताडून पाहावे. भाव्यांचे आश्रयदाते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये वारले आणि दरबारचा आधार सुटला. भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले, आणि पैसे देऊन नाटक पाहणारा प्रेक्षक मराठी रंगभूमीला मिळाला. आपत्ती दोन्हीकडे सारखीच होती. सांगलीच्या नाटकाला वेशीबाहेर मराठी बोलणारा मुलूख होता, तंजावरच्या नाटकाला तो नव्हता. राजाश्रयाने कला जन्मास येऊ शकते, पण ती तगते ती लोकाश्रयावर, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

तंजावरातील जे मराठी धन लोकांनी उचलले ते मात्र टिकले. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनाच्या पद्धतीने तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ कथाकारांच्या तोंडी रुळली, कारण ती ऐकावयास मंदिराच्या ओट्यावर तमिळ श्रोते बसत होते.

आता नाटकांची आजची स्थिती. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथील मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. काही नाटके ग्रंथालयाने संपादून छापलीही. तमिळनाडूत अद्याप घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत जुनी रूपे आहेत आणि तमिळ शब्दही मिसळले आहेत. पुष्कळांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणजे नाटक छापलेले आहे, पण ज्यांच्या पूर्वजांचे ते आहे त्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्या महाराष्ट्रातील वाचकांना त्याची वार्ता नाही. बोलीची ही कडी तुटली की ही नाटके नुसती अभ्यासकांच्या सूचीत राहतील.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. नाटक हे मुळात ऐकावयाचे वाङ्मय आहे, आणि ध्वनिक्षेपणाला पडदे, वेश किंवा राजवाडा लागत नाही. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ किंवा ‘पंचभाषाविलास’ यांचे श्राव्य प्रयोग करावेत. त्यांतील दरू कर्नाटक संगीत जाणणाऱ्यांनी गाव्यात आणि संवाद शक्य तेथे तंजावरच्या मराठी घरांतील स्त्रीपुरुषांनी म्हणावेत. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला ते कानांनी कळेल. ज्या घरांतून ही भाषा राजवाड्याच्या नाटकात गेली, त्याच घरांत ती रेडिओच्या वाटेने परत पोहोचवावयाची आहे, आणि ती ओळखणारे कान तेथे आहेत तोवरच हे करून घेतले पाहिजे.