कृपासदनाची पाटी

आपल्याकडे ‘कृपा’ हा शब्द पाट्यांवर फार. साईकृपा, गुरुकृपा, मातृकृपा. किराणा दुकानापासून ट्रकच्या कपाळापर्यंत. पंडिता रमाबाईंनी मात्र दौंड तालुक्यातल्या केडगावात हा शब्द अशा घराला दिला, ज्याचा उंबरा ओलांडायला चारचौघे कचरले असते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचे ते आश्रयस्थान. नाव कृपासदन.

मागच्या लेखात बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली कृपा पाहिली. ती कमावता येत नाही, फुकट मिळते. सत्कर्मे म्हणजे तिची किंमत नव्हे, ती तिच्यामागून येतात. मग एखादा म्हणेल, फुकट मिळते तर चांगले वागायचे कशाला? शंका रास्त आहे.

रमाबाईंच्या लहानपणी हिशेब नेमका उलटा होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी हिंडले. उपास, पारायणे, दानधर्म, काही बाकी ठेवले नाही. पुण्य साठत गेले आणि पदरचे धान्य संपले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण पाठोपाठ गेली.

1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. सुमारे 8 वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. स्वतःच प्रवचन करता करता या गृहस्थाचे मनःपरिवर्तन झाले होते! विद्वत्ता आणि सेवा गाठीशी असूनही आपण रिकाम्या हातानेच देवापुढे उभे आहोत, हे रमाबाईंना तेव्हा उमगले.

त्यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदन या आश्रमात शेती होती, माग होते, गाईगुरे होती, तेलघाणी होती. अंध मुली ब्रेल शिकत. इथल्या धर्मांतरावर कडक टीका झाली. तो वाद मोठा आहे, त्याला स्वतंत्र लेख लागेल.

छापखान्यात तर बायकाच खिळे जुळवत. उलटी अक्षरे एकेक करून उचलायची, काना-मात्रा सांभाळून ओळ बांधायची, पान छापून झाले की खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. दुष्काळातून आलेल्या, पूर्वी अक्षरओळखही नसलेल्या हातांनी हे केले. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद याच छापखान्यात छापला गेला. तो पूर्ण स्वरूपात 1924 मध्ये बाहेर पडला. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजीच गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या स्वयंपाकघरात जाऊ. तिथे प्रश्न होता साध्या पाण्याच्या पेल्याचा, तो कोणाच्या हातून घ्यायचा याचा.