कॅशलेसच्या खिडकीमागची माणसं

दुपारी एक ते पाच ही टीपीएच्या ऑफिसातली खरी कसोटीची वेळ. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड होतो आणि ‘आज घरी सोडू’ असं सांगून ते निघून जातात. मग निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात, उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, बिलिंगवाले अंतिम बिल काढतात. हे सगळं पोर्टलवर चढेपर्यंत जेवणाची वेळ उलटलेली असते. पुण्यात जे होतं तेच नाशकात, कोल्हापुरात आणि नागपुरातही होतं, त्यामुळे दिवसभराचे डिस्चार्ज त्या चार तासांत एकदम येऊन आदळतात. इकडे बॅग भरून बसलेले नातेवाईक दर दहा मिनिटांनी खिडकीवर जाऊन विचारतात, ‘आलं का अप्रूव्हल?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘टीपीएकडे आहे.’ तिथे कोण बसलेलं असतं आणि कशा परिस्थितीत काम करत असतं, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं.

टीपीए म्हणजे थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. विमा कंपनी पॉलिसी विकते, इस्पितळ उपचार करतं आणि दोघांमधलं दाव्याचं काम टीपीए करते. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली तेव्हा रिवाज साधा होता: आधी खिशातून भरा, मग बिलं जोडून पैसे मागा. विमा नियामकाने 2001 मध्ये टीपीएंसाठी नियम केले आणि कॅशलेसची पद्धत हळूहळू रुळली. पुण्याची एमडीइंडिया, ठाण्याची पॅरामाउंट, बेंगळुरूची मेडी असिस्ट ही नावं नोकरदारांच्या पाकिटातल्या हेल्थ कार्डांवरून घरोघरी पोचली आहेत.

या कंपन्यांत कॉल घेणारे, कागद स्कॅन करणारे, इस्पितळांशी दरांचे करार करणारे, संशयास्पद दाव्यांच्या चौकशीला फिरणारे असे बरेच लोक असतात. पण कण्याचं काम करतात ते डॉक्टर, आणि त्यांत बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांचा भरणा मोठा. महाराष्ट्रात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कॉलेजं भरपूर. पदवी घेतलेल्या प्रत्येकाला दवाखाना टाकायला भांडवल नसतं आणि इस्पितळातल्या आरएमओच्या, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, नाइट ड्युट्या वर्षानुवर्षं झेपत नाहीत. लग्नानंतर, मूल झाल्यावर अनेक डॉक्टर स्त्रिया ठरावीक वेळेची नोकरी म्हणून इकडे येतात. स्टेथोस्कोप सुटतो आणि समोर दोन मॉनिटर येतात. ‘डॉक्टर’ ही हाक मात्र कायम राहते, आणि ती महत्त्वाची असते. जिथे ती आदराने मारली जाते तिथे माणसं टिकतात. जिथे टीम लीडर भर फ्लोअरवर ‘तुमच्या आज किती फाइली?’ एवढंच विचारतो, तिथे वर्षाच्या आत राजीनामे पडतात.

एक फाइल जवळून बघू. समजा, तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचं भाडं 24,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर मिळून 60,000. औषधं, तपासण्या आणि साहित्य 36,000. एकूण बिल 1,20,000. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्यामुळे भाडं तर निम्मं होतंच, पण सर्जन आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा धरला जातो. औषधं, तपासण्या आणि साहित्य 2020 पासून या प्रमाणशीर कपातीतून बाहेर आहेत, तेवढा दिलासा. मग येते नॉन-पेएबलची, म्हणजे विम्यातून पैसे न मिळणाऱ्या बाबींची यादी. नियामकाच्या यादीत अशा 68 बाबी आहेत: हातमोजे, मास्क, थर्मामीटर, ईसीजीचे इलेक्ट्रोड. त्यांचे 2,500 वजा करा. मंजूर रक्कम 75,500. उरलेले 44,500 रुपये कुटुंबाने खिडकीवर भरायचे.

हिशेब सॉफ्टवेअरही करतं. डॉक्टरांची गरज पुढच्या पानावर लागते. केसपेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी घाईघाईने लिहिलेलं असतं, ‘के/सी/ओ एचटीएन, पाच वर्षं’. म्हणजे रुग्णाला पाच वर्षांपासून रक्तदाब आहे. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची आणि फॉर्मवर रक्तदाबाचा उल्लेख नाही. अपेंडिक्स सुजण्याशी रक्तदाबाचा काही संबंध नाही हे प्रत्येक डॉक्टरला कळतं. पण माहिती दडवली असा मुद्दा विमा कंपनी काढू शकते. आता क्वेरी टाकायची, म्हणजे इस्पितळाकडे आणखी कागद मागायचे, विमा कंपनीकडे धाडायचं की शेरा लिहून मंजूर करायचं? हा निर्णय दुपारी अडीच वाजता, मागे रांग लागलेली असताना, काही मिनिटांत घ्यायचा असतो.

माझ्या मते टीपीएचं व्यवस्थापन कसं आहे, याची परीक्षा याच क्षणी होते. मंजूर केलं आणि महिन्याने विमा कंपनीच्या ऑडिटमध्ये ते निघालं, तर खुलासा फाइल बघणाऱ्याला मागतात. क्वेरी टाकली आणि रुग्ण संध्याकाळपर्यंत अडकला, तर खुलासा कुणालाच मागत नाहीत. फार तर इस्पितळातून एक चिडलेला फोन येतो. दोन चुकांपैकी एकीची शिक्षा आहे आणि दुसरीची नाही, असं दिसल्यावर माणूस शहाणपणाने क्वेरीच टाकतो. मग आधी तपासण्यांचे रिपोर्ट मागितले जातात, ते आले की जुनी प्रिस्क्रिप्शनं, ती आली की फॅमिली डॉक्टरचा दाखला. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या या क्वेऱ्यांना लोक टीपीएची लबाडी म्हणतात. बऱ्याचदा ती टेबलावरच्या माणसाची भीती असते, आणि ती भीती वरून खाली झिरपलेली असते.

अधिकार आणि जबाबदारी यांची इथे मुळातच फारकत आहे. विमा कंपनीने आखून दिलेल्या चौकटीत टीपीए कॅशलेसला मंजुरी देते, दावा नाकारायचा अधिकार मात्र विमा कंपनीचा. पण फोनवर शिव्या खातो टीपीएचा कर्मचारी. इस्पितळ, विमा कंपनी, ग्राहकाच्या ऑफिसातला एचआर आणि रुग्णाचा मुलगा, असे चार मालक त्याला एकाच वेळी सांभाळावे लागतात. नियामकाने एक चांगली अट घातली आहे: टीपीएचा मोबदला सेवेसाठी असावा, दाव्याच्या रकमेत केलेल्या कपातीशी तो जोडलेला नसावा. ही अट दोन कंपन्यांमधल्या करारापुरती आहे. आतल्या अप्रेझलमध्ये साहेब कशाचं कौतुक करतात, हे तिने ठरत नाही. मासिक बैठकीत ‘यांनी किती वाचवले बघा’ असं एकदा म्हटलं गेलं की सगळ्या फ्लोअरला इशारा पोचतो.

कोविडचा काळ या लोकांनी कसा काढला, यावर फारसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मे 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी इस्पितळांतल्या खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डात रोज 4,000, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. बिलं मात्र पीपीई किट आणि इतर बाबी मिळून फुगलेली यायची. मान्य दर कुठला, किती किट धरायचे, कुठली खाट कुठल्या दरात बसते, हा वाद टीपीएचे डॉक्टर घरातल्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून घालत होते. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, कोविडच्या कॅशलेस मागण्यांवर 60 मिनिटांत निर्णय द्या असा आदेश निघाला. तो रास्तच होता, कारण डिस्चार्ज अडकला की खाट अडकत होती. पण त्या तासाच्या आत काम करणारे काही जण स्वतः तापाने फणफणले होते आणि काहींच्या घरची माणसं अशाच एखाद्या खाटेवर होती. त्यांना टाळ्या-थाळ्यांचा मान मिळाला नाही.

तो तास आता कायमचा झाला आहे. नियामकाच्या मे 2024 च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या मागणीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. तीन तास उलटल्यामुळे इस्पितळाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. दाव्याची कागदपत्रंही ग्राहकाला न पिडता इस्पितळाकडून घ्यायची. विमा कंपनीच्या समितीने पाहिल्याशिवाय दावा नाकारायचा नाही. रुग्णाच्या बाजूने हे नियम उत्तम आहेत आणि ते यायला उशीरच झाला. कर्मचाऱ्याच्या बाजूने मात्र सगळं कंपनी काय करते यावर अवलंबून आहे. दुपारच्या चार तासांसाठी माणसं वाढवली, शिफ्टा सरकवल्या, पोटाच्या फाइली पोटाच्या अनुभवी डॉक्टरकडे जातील अशी वाटणी केली, तर तीन तास पुरतात. तेवढ्याच माणसांच्या डोक्यावर फक्त घड्याळ लावलं, तर स्क्रीनवरचा लाल आकडा थांबवण्यासाठी कसलीतरी क्वेरी टाकून फाइल परत पाठवायची युक्ती निघते. कागदोपत्री वेळ पाळली जाते, रुग्ण तिथेच बसलेला असतो.

चांगली टीम असते तिथे फार मोठं काही वेगळं नसतं. क्वेरी टाकायची तर सगळी एकदम टाका, हा नियम तिथे पाळला जातो. केसपेपरवरच्या त्या रक्तदाबासारखं प्रकरण आलं की टीम लीडर खुर्ची ओढून शेजारी बसतो, दोन ओळींचा शेरा लिहायला लावतो आणि खाली स्वतःचं नाव घालतो. ऑडिटमध्ये विचारणा झाली तर उत्तर तो देतो. कपात केली तर तिचं कारण मराठीत, रुग्णाला कळेल असं सांगायला नव्यांना शिकवलं जातं, कारण ‘अ‍ॅज पर पॉलिसी टर्म्स’ ऐकून माणूस आणखी भडकतो हे जुन्यांना माहीत असतं.

सरकारी बाजूचं चित्र निराळं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत इस्पितळाच्या दाराशी आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड तपासणं, योजनेत आजार बसतो का ते बघणं, फोटो आणि कागद अपलोड करणं ही त्याची कामं. गावाकडून आलेल्या माणसाच्या लेखी सरकार म्हणजे तोच. त्याची नेमणूक मात्र टीपीएमार्फत होते, आणि पगारवाढीसाठी या मित्रांना रस्त्यावर उतरावं लागलेलं आहे. ज्याच्या शब्दावर गरिबाचं ऑपरेशन अडतं किंवा सुटतं, त्याची स्वतःची नोकरी इतकी कच्ची ठेवणं मला चुकीचं वाटतं.

या क्षेत्रातली माणसं कंपन्या बदलत राहतात, आणि कंपन्याही एकमेकींना विकत घेत असतात, त्यामुळे काही वर्षांत बहुतेक जण बहुतेकांना ओळखतात. नवीन ठिकाणी जायच्या आधी ती पगाराखेरीज दोन गोष्टींची चौकशी करतात: तिथे शनिवारी पूर्ण दिवस असतो का, आणि मंजूर केलेली फाइल ऑडिटमध्ये निघाली तर टीम लीडर पाठीशी उभा राहतो का.