बिशप कोलेन्सो आणि झुलू भाषांतर

अँग्लिकन पंथाच्या मिशनरी बिशपांमध्ये जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–१८८३) हा पाखंडी म्हणून गाजला. या पाखंडाचा उगम आफ्रिकेतील भाषांतरकार्यात आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या चरित्राचा उलगडा होत नाही.

कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला कोलेन्सो १८३६ साली केंब्रिजच्या गणित-परीक्षेत दुसरा आला. त्याची अंकगणित-बीजगणिताची क्रमिक पुस्तके इंग्लंडात फार खपली. १८५३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचा पहिला बिशप झाला. झुलू भाषेचे व्याकरण व कोश त्याने रचले. बाप्तिस्म्यासाठी बहुपत्नीक पुरुषास बायका टाकावयास लावणे हा त्या स्त्रियांवर अन्याय होय, हे त्याचे मत अनेक मिशनऱ्यांना रुचले नाही.

जलप्रलयाची कथा झुलूत उतरविताना सहायक विल्यम न्गिदी याने विचारले, हे सारे खरोखर घडले काय? भूगर्भशास्त्र जाणणाऱ्या बिशपाला होकार देववेना. १८६२ पासून त्याने बायबलातील पहिल्या पाच ग्रंथांची चिकित्सा प्रसिद्ध केली. मिसरातून सहा लाख लढवय्ये निघाले असतील तर बायकामुलांसह ती संख्या वीस लाखांवर जाते. एवढा समुदाय अरण्यात जगला कसा? हा हिशेब गणित-शिक्षकाचा. जर्मन पंडितांपुढे तो बाळबोध खरा, पण सामान्य वाचकाला तोच कळला, आणि म्हणूनच खळबळ उडाली.

केपटाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने १८६३ मध्ये त्याला पदच्युत केले. स्वतंत्र विधिमंडळ असलेल्या वसाहतीत केवळ राजाज्ञापत्राने असा अधिकार निर्माण होत नाही, असे ठरवून प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निवाडा रद्द केला. पुढे १८६९ मध्ये प्रतिस्पर्धी बिशपाची नेमणूक झाली व पीटरमारित्झबर्ग शहरात दोन बिशप नांदू लागले!

या वादात अनेक गोरे वसाहतवाले कोलेन्सोच्या पाठीशी होते. खरी कसोटी निराळीच ठरली. १८७३ साली बंदुकांच्या नोंदणीवरून हलुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर सरकारचा रोष झाला; त्याची जमात उद्ध्वस्त करण्यात आली आणि १८७४ मध्ये एकतर्फी खटल्यानंतर त्याला रॉबेन बेटावर धाडण्यात आले. कोलेन्सोने लंडनपर्यंत दाद मागितली. अखेर गव्हर्नर पाइन याला परत बोलावण्यात आले. परंतु शेपस्टनसारखा जुना स्नेही तुटला, गोऱ्यांनीही पाठ फिरविली. १८७९ च्या झुलू युद्धाचाही त्याने उघड निषेध केला. झुलू लोक त्याला ‘सोबांतु’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत. त्याच्यामागे झुलू राजघराण्याची बाजू त्याची कन्या हॅरिएट हिने लढविली.