जर्मन शेफर्ड : धंद्याचा विचार करण्याआधी कुत्रा समजून घ्या

पेट केअर व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, जर्मन शेफर्डची एक जोडी घेतली आणि पिल्लं विकली, तर धंदा चालेल का?"

व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा लेख. आपल्या भिवंडीत या प्रश्नाला जास्तच महत्त्व आहे. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, वडपे, कुठेही जा, गोदामांच्या रांगा आहेत आणि बऱ्याच गेटवर साखळीला एक जर्मन शेफर्ड आहे. पॅकिंगचा माल पोचवायला मी या गोदामांत रोज जातो, त्यामुळे हे कुत्रे जवळून बघतो. काही मस्त असतात. काहींकडे बघवत नाही. दोन्हींमध्ये जातीचा फरक नसतो, निगेचा असतो. आणि धंद्याची खरी संधीही तिथेच आहे, पण त्यावर शेवटी बोलू. आधी कुत्रा.

हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा

नावातच शेफर्ड आहे, म्हणजे मेंढपाळ. जर्मनीत प्रत्येक भागात मेंढपाळांचे वेगवेगळे कुत्रे होते. कुणी केसाळ, कुणी आखूड केसांचे, कुणाचे कान पडलेले. मॅक्स फॉन स्टेफानित्झ नावाच्या घोडदळातल्या निवृत्त अधिकाऱ्याच्या डोक्यात या सगळ्यांतून एक उत्तम कामाचा कुत्रा तयार करायचं होतं. १८९९ साली कार्लस्रुए इथल्या प्रदर्शनात त्याला हवा तसा एक कुत्रा दिसला. त्याने तो विकत घेतला, 'होरांड फॉन ग्राफ्राथ' असं नाव दिलं आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संस्था स्थापन केली. जातीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक या होरांडचा आहे.

स्टेफानित्झचा आग्रह साधा होता : आधी काम आणि अक्कल, दिसणं नंतर. या कुत्र्याचं मूळ काम काय होतं, तेही बघा. जर्मनीत मेंढ्या चरायच्या त्या पट्ट्याला लागूनच उभी पिकं असायची, मध्ये कुंपण नाही. कुत्रा दिवसभर त्या हद्दीवर फेऱ्या मारायचा आणि एकही मेंढी पिकात जाऊ द्यायचा नाही. म्हणजे हा चालतं-बोलतं कुंपणच होता.

पुढे कारखाने वाढले, कळप कमी झाले. स्टेफानित्झने ओळखलं की मेंढ्यांवर अवलंबून राहिलो तर ही जात संपेल. त्याने पोलीस आणि सैन्यासमोर हा कुत्रा ठेवला. पहिल्या महायुद्धात याने निरोप पोचवले, जखमी सैनिक शोधले. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हाच होता. जर्मन नाव नको म्हणून ब्रिटनने त्याला 'अल्सेशियन' म्हणायला सुरुवात केली. तिथे जुनं नाव अधिकृतपणे परत यायला १९७७ उजाडलं. आपल्याकडचे जुने लोक आजही 'अल्सेशन' म्हणतात, ते यामुळे.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बाजार बदलला, कामाचं स्वरूप बदललं, पण मूळ गुण तोच ठेवला.

आपल्या धनगराचा कुत्रा आठवा

हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. पावसाळा सरला की देशावरचे अनेक धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात, कोकणात येतात आणि पुढच्या पावसाच्या आत परत जातात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. त्या खांडाबरोबर कुत्रे असतातच. त्यांचं मुख्य काम राखणीचं : रात्री वाड्याभोवती जागायचं, लांडगा किंवा चोर आला तर आवाज उठवायचा. जर्मन शेफर्डचं काम हद्द सांभाळण्याचं, याचं काम राखणीचं. पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघेही दिवसभर मालकाच्या सोबत चालणारे आहेत. एकट्याला खुंटीला बांधून ठेवण्यासाठी यातला कुणीच तयार झालेला नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख यावर उभा आहे.

स्वभाव आणि अंगकाठी

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर उंच आणि ३० ते ४० किलो वजनाचा. मादी ५५ ते ६० सेंटीमीटर, २२ ते ३२ किलो. आयुष्य साधारण ९ ते १३ वर्षं. म्हणजे पिल्लू घेणं हा दहा वर्षांचा करार आहे.

डोकं तल्लख. शिकवलेलं पटकन शिकतो, पण न शिकवलेलंही तितक्याच पटकन शिकतो. काम दिलं नाही तर स्वतःच काम शोधतो : गेट खरवडणं, पट्टे चावणं, येणाऱ्या प्रत्येक टेम्पोवर भुंकणं. अनोळखी माणसाशी जरा अंतर ठेवून राहणं हा त्याचा स्वभाव आहे. ते अंतर भीतीत किंवा रागात बदलू नये म्हणून साधारण ३ ते १४ आठवडे या वयात त्याला माणसं, मुलं, गाड्यांचे आवाज यांची हळूहळू सवय लावावी लागते. लस पूर्ण व्हायच्या आधी भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नका. कडेवर घेऊन फिरवा, तेवढंही चालतं.

घेताना पाठ बघा. मागून खूपच उतरती पाठ आणि लटपटणारे मागचे पाय 'शो क्वालिटी' म्हणून विकले जातात. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा आजार बराच आढळतो. आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. दाखवत नसेल तर दुसरीकडे चला.

भिवंडीच्या हवेत निगा

ऊन : याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर आणि पत्र्याच्या शेडखाली हा कुत्रा अक्षरशः भाजतो. फिरवणं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच. जोरात धापा, लाळ गळणं, झोकांड्या जाणं ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे न्या.

केस : "उन्हाळा आहे, टक्कल करून टाका" असं ग्राहक सांगतात. करू नका. आतला गळणारा थर विंचरून काढला की हवा खेळते, वरचा थर ऊन अडवतो. आठवड्यात दोन-तीनदा विंचरा, केस गळण्याच्या दिवसांत रोज.

पावसाळा : ओलं अंग म्हणजे त्वचेचा आजार. साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, आणि गोदामात उंदीर असतातच. गोचीड रोज तपासा : कानात, काखेत, बोटांच्या मध्ये. गोचीडतापाने कुत्रा खाणं सोडतो, सुस्त पडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. वाट बघू नका, रक्त तपासून घ्या.

खाणं : नुसती दूध-पोळी या कुत्र्याला पुरत नाही, त्याला प्रथिनं लागतात. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा. हाडं मजबूत होतील म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला मनाने कॅल्शियमचं औषध पाजू नका, वाढ बिघडते. जेवल्यावर लगेच पळवू नका. छाती खोल असल्याने याचं पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका बंद.

लस : सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टर सांगतील तसे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीज, पुढे दरवर्षी. जंताचं औषध वेळच्या वेळी. लसीचं कार्ड जपून ठेवा.

गोदामातला कुत्रा आणि कायदा

आता त्या गेटवरच्या साखळीकडे येऊ. मालक म्हणतो, "बांधलेला असला की जास्त चिडतो, राखण चांगली होते." हे चुकीचं आहे. बांधलेला कुत्रा चोर आणि हमाल यांत फरक करायला शिकतच नाही. त्यात गोदामांत वॉचमन सारखे बदलतात. आज एकाने खायला घातलं, उद्या दुसऱ्याने काठी दाखवली. मग एक दिवस तो ड्रायव्हरला किंवा बाजूच्या वस्तीतल्या लहान मुलाला चावतो. त्यानंतर त्या कुत्र्याचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

१९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध कायद्यात प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधणं ही क्रूरता आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तीही क्रूरता. शिवाय कुत्र्यापासून कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेनुसार मालकावर गुन्हा होऊ शकतो. गोदाममालकाला दया समजावण्यापेक्षा ही जोखीम समजावणं सोपं जातं. मी तसंच करतो.

आता पिल्लांचं गणित

वही काढा.

२०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी न करता कुत्र्यांची पैदास करता येत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, आठ वर्षांनंतर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

दोन महिन्यांची मादी आणली, तर १८ महिन्यांची व्हायला १६ महिने. गाभण काळ साधारण ६३ दिवस, म्हणजे दोन महिने. पिल्लं आठ आठवड्यांची व्हायला आणखी दोन. एकूण २० महिने. ती नेमकी त्याच वेळी माजावर आली नाही तर आणखी पुढे. समजा (आकडा फक्त उदाहरणाला) एका कुत्र्याचा खाण्याचा आणि दवाखान्याचा खर्च महिन्याला ५,००० धरला, तर जोडीचे २० महिन्यांचे २ लाख गेले. कुत्र्यांची किंमत, जागा, तुमची मेहनत वेगळीच. आणि पहिला रुपया अजून आलेला नाही.

त्यात एका वेताला गॅस्ट्रो झाला तर? चार पिल्लं विकलीच नाहीत तर? कापड विकलं गेलं नाही तर ठाण्यावर पडून राहतं. पिल्लू रोज वाढतं, रोज खातं. मग लोक ते फुकट देऊन टाकतात किंवा रात्री हायवेला सोडतात. ज्या धंद्यात न विकलेला माल जिवंत आहे, तो धंदा कमी भांडवलाच्या नवख्या माणसाने पहिला धंदा म्हणून निवडू नये. हे माझं स्पष्ट मत.

मग संधी कुठे?

जे कुत्रे आधीच इथे आहेत, त्यांच्या निगेत.

१. फिरवण्याची सेवा : एका गोदाम-कंपाउंडमधले चार कुत्रे, सकाळ-संध्याकाळ. समजा एका कुत्र्याचे महिना ३,००० ठरले तर १२,००० एका कंपाउंडचे. भांडवल म्हणजे चांगले पट्टे आणि तुमचे पाय. रोज तोच माणूस असल्याने कुत्र्याला ओळखीचा आधारही मिळतो.

२. घरी जाऊन ग्रूमिंग : विंचरणं, आंघोळ, नखं, कान, गोचीड तपासणी. सुरुवातीला दोन-तीन प्रकारचे ब्रश, नखं कापायचं कटर, शाम्पू आणि ब्लोअर पुरतो. आधी चांगल्या ग्रूमरकडे हात बसवून घ्या.

३. सुट्टीत सांभाळणं : गणपतीला अर्धं ठाणे कोकणात जातं. मे महिन्यात आणि दिवाळीत तेच. कुत्रा कुठे ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय एकही कुत्रा घेऊ नका.

४. खाद्य आणि सामान घरपोच : ग्राहकाच्या कुत्र्याचं वजन आणि वय वहीत लिहा. पोतं कधी संपणार हे तुम्हाला त्याच्याआधी कळलं पाहिजे.

प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार नोंदणी लागते, त्यामुळे सुरुवात सेवा आणि सामानापासून करणं सोपं आहे. कुत्र्याच्या परवान्याचे नियम महापालिकेत विचारून ठेवा आणि ग्राहकालाही सांगा. विश्वास अशानेच बसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत किती कुत्रे आहेत, ते मोजा. किती घरात, किती गेटवर. त्यातल्या पाच मालकांशी बोला आणि एकच प्रश्न विचारा : "याचं कुठलं काम तुम्हाला रोज जमत नाही?" उत्तरं लिहून काढा. विकायला जाऊ नका, फक्त ऐका.

तुमच्या पहिल्या सेवेचं नाव त्या पाच उत्तरांत असेल. ती उत्तरं मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यांचं दरपत्रक कसं बनवायचं ते फळ्यावर मांडू. भेटूया!