मुंबईचा पाऊस आणि परतल्यावरचा ताप

पावसाळ्यात मुंबई पाहायला आलेल्यांना हिंदमातासारख्या सखल भागात साचलेल्या पाण्यातून चालावे लागू शकते. या पाण्यात उंदीर, कुत्री, गुरे यांचे मूत्र मिसळलेले असू शकते. त्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. ताप मात्र बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर पर्यटक गावी परतलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरांना तो साधा ताप वाटू शकतो. उपचार लांबले, तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून अशा पाण्यातून चालल्यास पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे. पुढे ताप आलाच, तर मुंबईत साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.