तीन वाटांची टेकडी

जानेवारीच्या ६ तारखेला सकाळी दक्षिण गोव्यातल्या कुवेलीच्या टेकडीवर उभं राहिलं, की खालून तीन बाजूंनी तीन घोडे चढताना दिसतात. एक कासावलीचा, एक आरोशीचा, एक कुवेलीचा. प्रत्येकावर एक छोटा राजा, वय आठ-दहा. माझ्या जवळून गेलेल्या राजाचा मुकुट हनुवटीखाली नाडीने बांधला होता, तरी चढणीवर तो डाव्या कानाकडे कलायचा. लगाम धरून चालणारा माणूस, बहुधा मामा किंवा काका, न थांबता हात वर करायचा आणि मुकुट सरळ करायचा. पोराचं त्याकडे लक्षच नव्हतं. घोड्याच्या मानेवरची झेंडूची माळ सुटत चालली होती आणि तो ती एका हाताने धरून बसला होता.

तिन्ही वाटा रेमेदियुश सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, कपेलापाशी एकत्र येतात. राजे तिथे बाळ येशूला भेटतात, मिस्सा होते आणि उतरताना मात्र तिघं एकाच वाटेने उतरतात. तीन राजांच्या या साऱ्या फेस्तात मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

नाताळ म्हटलं की आपल्याला २४ डिसेंबरची मध्यरात्र आठवते. पण ती रात्र आता साऱ्या जगाची झाली आहे, दुकानांची आणि हॉटेलांचीसुद्धा. नाताळचा शेवट मात्र अजून गावाच्याच हातात आहे. कोणत्याही कॅथलिक धर्मग्रामाची नाडी बघायची असेल, तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जावं, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे.

उपासनेच्या पंचांगात नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो. हा सण स्वतंत्रपणे कॅलेंडरवर आला तो १९५५ मध्ये, १३ जानेवारी ही तारीख घेऊन. १९६९ च्या सुधारणेत तो प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या रविवारी गेला. प्रकटीकरणाचा सण म्हणजेच तीन राजांचा. त्याची मूळ तारीख ६ जानेवारी, पण भारतात तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा करतात. आणि हा रविवार ७ किंवा ८ तारखेला आला, तर बाप्तिस्म्याचा सण लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी. २०२३ मध्ये तसंच झालं: रविवारी ८ तारखेला राजे, सोमवारी ९ तारखेला बाप्तिस्मा. कुवेलीच्या फेस्ताचा दिवस मात्र गावांनी सोडला नाही. त्या वर्षी ६ तारीख शुक्रवारी होती.

मत्तयच्या शुभवर्तमानात हे राजे मुळी राजे नाहीत. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, एवढंच तो म्हणतो. त्यांची संख्याही तो देत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ते तीन ठरले. गास्पार, बेल्शियोर आणि बाल्ताझार ही नावं परंपरेने मागाहून दिली. पण दक्षिण गोव्यातल्या गावांना तीन हा आकडा इतका सोयीचा पडला, की तो त्यांच्यासाठीच ठरला असावा असं वाटतं. चांदोरलाही ६ जानेवारीला असेच तीन राजे निघतात: चांदोर, गिरदोली आणि कवोरी या तीन गावांचे. चांदोर म्हणजे कदंबांच्या राजधानीचं जुनं चंद्रपूर, आणि तिथली ईगर्ज, म्हणजे चर्च, बेथलेहेमच्या सायबिणीची. राजांनी जायचं ते बेथलेहेमलाच.

राजांच्या सणाचं तिसरं ठिकाण मांडवीच्या काठावर, बार्देशात. तिथल्या गावाचं नावच रेइश मागूश, म्हणजे पोर्तुगीजमध्ये हे तीन राजेच. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५५५ मध्ये इथे ईगर्ज उभारली. व्हाइसरॉय लुईश द आताईद यांची कबर तिच्यात आहे.

पण मला सतावतो तो प्रश्न कुवेली-चांदोरचा. प्रत्येक गावाने आपापला राजा द्यायचा, आपल्याच वाटेने आणायचा, ही रीत आली कुठून? याचं मूळ मला गावकारीत दिसतं. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गोव्यात गावची जमीन गावकार एकत्र सांभाळत. प्रत्येक वांगडाचा, म्हणजे कुळाचा, मान आणि क्रम ठरलेला असे. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी हे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. धर्म बदलला, देवालय बदललं, पण मान कोणाचा आणि पाळी कोणाची, हे ठरवायची गावाची बुद्धी तीच राहिली. टेकडीवर कासावलीचा राजा कासावलीच्याच वाटेने चढतो, तेव्हा मला त्यात ही जुनी शिस्त चालताना दिसते.

मराठी वाचकाला इथे थॉमस स्टीफन्स आठवायला हवेत. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१९ मध्ये मरेपर्यंतची बहुतेक वर्षं दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात घालवली. कासावली तेव्हा साष्टीतच होती. १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी. पहिल्या भागात सृष्टीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पुराण ऐकत वाढलेल्या, पण आता पुराणं सुटलेल्या लोकांसाठी ते लिहिलं होतं आणि ते ईगर्जीत वाचलं जाई. बेथलेहेमची गोष्ट या गावांच्या कानावर आपल्या ओवीतून पडली. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या फर्मानाने लोकभाषेवर गदा आली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या काळच्या छापील प्रती आज सापडत नाहीत, ग्रंथ जगला तो हस्तलिखितांमुळे. त्याची पूर्ण देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून काढली, १९५६ मध्ये. तीनशे चाळीस वर्षं आपण तिची वाट पाहिली, याची मला खंत वाटते.

फेस्ताच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जानेवारीला, संत जुझे वाझ यांची नोव्हेन, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. नऊ दिवसांनी, १६ तारखेला त्यांचा सण. सांकवाळच्या त्यांच्या तीर्थस्थळाकडे माणसांची रीघ लागते. श्रीलंकेत मिशनचं काम केलेल्या या संताचा बाप्तिस्मा १६५१ मध्ये बाणावलीच्या ईगर्जीत झाला, आणि ती ईगर्ज बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचीच. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सणही याच दिवसांत येतो. त्या दिवशी कित्येक ईगर्जींत मिस्सेला आलेले लोक आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारतात.

वसईत घोडे नाहीत. तिथे नाताळचा शेवट येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उतरवताना दिसतो. वसई हा मराठीत प्रार्थना करणारा धर्मप्रांत, १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला. ‘सुवार्ता’ मासिक इथे १९५५ पासून निघतं, आणि त्याचं संपादन बरीच वर्षं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. वसईचे तरुण डिसेंबरभर रात्री जागून गोठे उभारतात. उतरवायला मात्र दोन-चारच हात असतात, बहुतेक बायकांचे. मी एकदा असा गोठा उतरवताना थांबलो होतो. उंट, मेंढरं, मेंढपाळ आधी निघाले, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गेले. राजे त्यांच्यानंतर. बाळ येशू सर्वांत शेवटी. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचे पाय पदराने पुसले, मुका घेतला आणि मऊ फडक्यात गुंडाळून तो शेजारच्या मुलीच्या हातात दिला. “खालून धर,” म्हणाल्या, “गेल्या साली बोट तुटलं होतं.”

मग उरला पेंढा आणि डबे. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून डिसेंबरात पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरतात. ती आता वीतभर वाढून पिवळी पडत आली होती. बाईंनी डबे एकेक करून उपडे केले, मुळांची चकती हाताने सोडवली आणि सारं टोपलीत भरलं. शेजारच्या घरी गाय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला फादर साध्या काळाचा हिरवा झगा घालून आले. मिस्सेनंतर त्यांनी पुढच्या तीन लग्नांची नावं वेदीवरून पुकारली.