अंधांची नित्याची विद्या

देवानें एखाद्याची दृष्टि नेली तर तो त्याचीं बोटें व कान आपोआप अधिक तीक्ष्ण करतो, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. समज प्रेमळ खरा. परंतु त्यामुळें अंध मनुष्याच्या श्रमाचें श्रेय त्यास मिळावयाचें राहून जातें. हिंजवडीच्या बाजारांत एखादा अंध गृहस्थ दुकानदाराकडून मोड कशी घेतो, हें लक्ष देऊन पाहावें म्हणजे खरी गोष्ट ध्यानांत येईल.

शंभर, दोनशें व पांचशें रुपयांच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, म्हणजे ६६ मिलिमीटर आहे; लांबी अनुक्रमें १४२, १४६ व १५० मिलिमीटर. एकीहून दुसरी केवळ ४ मिलिमीटरांनीं मोठी! जुन्या मालिकेंत पन्नास, शंभर व पांचशें यांच्या लांबींत दहा-दहा मिलिमीटरांचें अंतर असे, व तें बोटांस बरोबर पाठ झालें होतें. २०१६ नंतर नव्या नोटा येऊं लागल्या आणि तें पाठांतर पुन्हां नव्यानें करावें लागलें. शिवाय शंभराची जुनी नोट अद्याप चालते, आणि ती पांचशेंच्या नव्या नोटेहून ७ मिलिमीटर लांब आहे! शंभराच्या नव्या नोटेवर त्रिकोण, दोनशेंवर इंग्रजी 'एच' अक्षर व पांचशेंवर वर्तुळ अशा उठावाच्या खुणा आहेत. परंतु नोट मळली कीं त्या बोटांस लागत नाहींत. म्हणून पुष्कळजण हातीं आलेली नोट लगेच आपल्या ठराविक रीतीनें दुमडून ठेवतात: एक सरळ, एक उभी, एक चौघडीची. मग खिशांत हात घालतांच किंमत कळते. ही दैवी देणगी नव्हे. सवयीनें कमावलेली विद्या होय.

येथील संगणकाच्या धंद्यांतही तोच प्रकार. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी योजना असते. अंध मनुष्य माउस न वापरतां केवळ कळफलकावर काम करतो, व तें वाचन इतक्या वेगानें ऐकतो कीं शेजाऱ्यास शब्द उमगूं नये. अशी एक मोफत योजना ऑस्ट्रेलियांतील दोघां अंध मित्रांनींच २००६ सालीं सुरू केली.

मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली, त्यास सव्वाशें वर्षें झालीं. ब्रेलच्या सहा टिंबांपासून होणारीं ६३ चिन्हें मूल शाळेंत शिकतें. पण घरीं पुष्कळदां उलटा धडा मिळतो. चहाची किटली त्याच्या हातून आईच काढून घेते. वस्तुतः पेला भरत येतांना धारेचा आवाज चढत जातो आणि हातास भार जाणवतो. एवढ्यावर चहा नीट ओततां येतो. पहिले दोन-चार वेळां सांडेल, हें खरें. डोळस मुलांच्या हातून काय सांडत नाहीं? बारा वर्षांच्या मुलास किटलीस हात लावूं दिला नाहीं, आणि मग त्यास कांहीं येत नाहीं म्हणून दोष डोळ्यांस दिला, हा न्याय मला तरी पटत नाहीं.

रस्त्याची गोष्ट जरा निराळी आहे. वाहनांच्या आवाजावरून त्यांची दिशा ओळखणें ही अंधांची मोठी हातोटी. पण हिंजवडीच्या चौकांत कर्ण्यांच्या गोंगाटांत ती लुळी पडते, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा तर आवाज जेमतेम येतो. अशा वेळीं आधीं विचारावें. 'होय' म्हटल्यास त्यांचा दंड धरून ओढूं नये. आपलें कोपर त्यांस धरूं द्यावें व अर्धें पाऊल पुढें चालावें. पायरी आली तर ती वर जाते कीं खालीं, तें सांगावें, नुसतें 'जपून!' म्हटल्यानें त्यांस कांहींच कळत नाहीं.